मरळीचा गळा

पोळ्याच्या दिवशी सकाळी लिंबोळीच्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगले, आणि ते कुणी मारले हे राजपालला बांधावर चढायच्या आधीच कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. माणसाला एकदा संशयानं धरलं की त्याला पुरावा लागत नाही, पुरावाच त्याला शोधत येतो.

लिंबोळी म्हणजे संतपूरहून चिंताकीकडं जाताना डाव्या हाताला लागणारं, कर्नाटकाच्या हद्दीतलं शेदीडशे उंबऱ्यांचं गाव. राजपाल इथलाच. तेहतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होता, रिटायर झाला तरी गावाच्या तोंडी कंपौंडरच राहिला. घरी स्वस्थ बसवेना, म्हणून त्यानं बौद्धवाड्यातली अकरा घरं एकत्र केली, सोसायटी काढली आणि गावतळं पाच वर्षांसाठी मासे पाळायला घेतलं. अध्यक्ष केलं कोंडाबाईला. म्हातारी अंगठेबहाद्दर, पण तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे. दोन वर्षं रोहू, कटला छान वाढले. मरळी तर न सोडताच तळ्यात होत्या, चांगल्या हातभर. राजपाल दिवसातून तीनदा बांधावर चक्कर मारायचा आणि कुणी पाण्यात खडा टाकला तरी नाव विचारायचा.

आणि त्या सकाळी सगळं पांढरं! बोटभर पिल्लापासून तीन किलोच्या कटल्यापर्यंत. उतारावरच्या घाटाजवळ तर मेलेल्या माशांचा नुसता थर. खेकडेही मेलेले. कोंडाबाई काठावर बसून एकेक मासा उचलून बघायची आणि परत ठेवायची, घरातलं माणूस गेल्यासारखी.

राजपालच्या डोळ्यांसमोर आली ती आदली संध्याकाळ. काल खांदेमळणी. गावचे बैल धुवून, खांद्याला तूप-हळद चोळून घरी गेलेले. दिवस बुडता बुडता तो नेहमीच्या चकरेला आला, तर घाटाच्या कडेला अंबाजी ओणवा. हातात बादली. त्यानं वरूनच विचारलं, काय करायलास? अंबाजी दचकला. होय, दचकलाच. म्हणाला, "काई न्हाई, पाय धुवायलो." आणि बादली धोतराआड धरून निघून गेला. आता सांगा, पाय धुवायला कुणाला बादली लागते? पाण्यापाशी असताना?

बरं, हा अंबाजी कोण? खालच्या आळीचा शेतकरी, सोयाबीन-तुरीवाला, राजपालच्या वर्गातला. तळ्याचा लिलाव झाला तेव्हा त्याच्या मेव्हण्यानंही बोली लावली होती आणि ती पडली होती. त्यावर अंबाजी औरादच्या बाजारात चहा पिता पिता बोलला म्हणे, "तळ्यात मासे कुठले, भांडणं पोसायलेत." हे चौघांच्या तोंडून फिरून राजपालपर्यंत आलं तेव्हा त्याला चांगलं मीठमसाला लागलेला होता. तेव्हापासून दोन वर्षं राजपाल अंबाजीला पाण्यात पाहत होता. अंबाजी हसला तरी त्याला वाटायचं, हा का हसला? नाही हसला तरी वाटायचं, पोटात काहीतरी आहे.

सोसायटीतल्या एकानं औरादला मासळी खात्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेब फोनवरच मोकळे झाले. तीन दिवस आभाळ आहे, ऊन नाही, पाण्यातली हवा कमी पडली असेल, गुदमरून मेले, होतं असं. लोकांनी सुस्कारा टाकला. कुणाचा दोष नाही, आभाळाचा दोष. राजपालला मात्र ते अजिबात रुचलं नाही. त्याला आभाळ नको होतं, त्याला माणूस पाहिजे होता.

तेवढ्यात त्याची मुलगी मैत्रेयी खाली वाकली. ती मासळीच्या कॉलेजात वरच्या वर्गात शिकत होती, सुट्टीला आलेली. तिचा अभ्यास काय, तर माशाचा गळा! गळ्यातले, कल्ल्यातले स्नायू कुठून निघतात, कुठं चिकटतात, कोण काय ओढतो. राजपाल चारचौघांत म्हणायचा, आमच्या पोरीची दोन वर्षं माशाच्या गळ्यात अडकली. पण आतून त्याला भारी अभिमान होता, आणि तिची लहान कात्री न् चिमटे तोच गरम पाण्यात उकळून द्यायचा.

तिनं आधी एक रोहू घेतला. कल्ल्याचं झाकण उचलून आतलं लालभडक दाखवलं. तिनं सांगितलं, माशाचा गळा म्हणजे लोहाराचा भाताच. गळ्याखालचा हा जाड स्नायू जिभेचं हाड खाली ओढतो, तोंड उघडतं, पाणी आत येतं. मग झाकण उघडणारा स्नायू वेगळा आणि मिटणारा वेगळा. ते एकामागून एक ओढले की पाणी कल्ल्यांतून बाहेर. जन्मभर तो हेच करतो, झोपेतसुद्धा. बायाबापड्या वाकून बघायला लागल्या. रोज चिरतो तो मासा, पण कुणी असा बघितला नव्हता.

मग तिनं मरळ घेतली. डोकं बाजूनं कापलं आणि कल्ल्यांच्या वरचा भाग चिमट्यानं उघडला. आत एक पोकळी होती, लहानशी, ओलसर.

"ही खोली बघा," ती म्हणाली. "रोहूला ही नसते. मरळ वर येऊन तोंडानं हवा घेते आन् इथं भरून ठेवते. पाण्यातली हवा संपली तर रोहू मरंल, कटला मरंल, पर मरळ मरायची न्हाई. ती तर चिखलातसुद्धा दिवस काढती. मग ही कामून मेली?"

घाटाजवळच्या उथळ पाण्यात एक मरळ अजून जिवंत होती. मैत्रेयीनं ती ओंजळीत धरून सगळ्यांना दाखवली. तिची कल्ल्याची झाकणं फडफडत होती, पण एक उघडं तर एक मिटलेलं, कशाचा कशाला मेळ नाही. तोंड उघडायचं ते मिटायचं विसरायचं. स्नायू धडधाकट आहेत, मैत्रेयी म्हणाली, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा बिघडल्यात. हे हवेचं काम नाही, हे औषधाचं काम दिसतं. नक्की काय ते पाणी तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही.

शेवटचं वाक्य राजपालनं ऐकलंच नाही. "म्हंजे विष," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं.

नेमका त्याच वेळी अंबाजी बांधावर आला. बातमी ऐकून आला असणार. पोळ्याचा दिवस, डोक्याला नवा पटका, पण चेहरा उतरलेला. राजपालनं त्याला जवळही येऊ दिलं नाही.

"पाय धुवायला बादली लागती व्हय रे, अंबाजी? तूच विष घातलास."

सगळ्या गावासमोर. उचलली जीभ लावली टाळ्याला. अंबाजीचा गळा एकदा वरखाली झाला. तो राजपालकडं बघत राहिला, मग मेलेल्या माशांकडं, मग पुन्हा राजपालकडं. आणि एक शब्द न बोलता वळून घराकडं चालायला लागला. झालं! खरा असता तर बोलला असता, असं चारजण म्हणाले. राजपाल म्हणाला, बोलतो कशाला, बोलायला तोंड पाहिजे.

दुपारपर्यंत चिंचेखाली अर्ज तयार झाला. राजपालचं अक्षर मोत्यासारखं. अंबाजीनं हेतुपुरस्सर तळ्यात विष कालवलं, वगैरे. दहा घरांच्या सह्या पडल्या, कोंडाबाईचा अंगठा उमटला. औरादच्या ठाण्यात न्यायला टमटम ठरली, तीनला निघायचं. पोळा असो नाहीतर काही असो, आज अंबाजी आत गेला पाहिजे.

जेवायला घरी आला तर मैत्रेयी दारात उभी. तिनं विचारलं, "अप्पा, काल बैलांना कोणतं औषध लावलं तुम्ही?"

आता इथं थोडं मागं जावं लागतं. राजपालच्या दावणीला बैल नव्हते, पण खांदेमळणीच्या सकाळी गावातल्या एकूण एक बैलाला गोचिडाचं औषध तोच लावायचा. घरोघर जाऊन, फुकट, नोकरीत असताना आणि रिटायर झाल्यावरही. त्यात दवाखान्याचं काही नव्हतं, तो त्याचा स्वतःचा नेम होता. त्याच्या बापाला या घरांच्या गोठ्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. राजपाल कंपौंडर होऊन आला तेव्हाही पहिल्या वर्षी लोक म्हणाले, औषध लांबून द्या, आमचे आम्ही लावू. तेव्हा एकट्या अंबाजीनं बापाच्या शिव्या खात त्याचा हात धरून आपल्या बैलाच्या वशिंडावर ठेवला होता. "लाव," म्हणाला, "माझा बैल हाय." पुढच्या वर्षी सगळे गोठे उघडले. हे राजपालला आठवत होतं का? आठवत होतं. पण संशय आला की माणूस आठवणीही निवडून काढतो.

"औषध कोणतं म्हंजे? नेहमीचं," तो खेकसला.

ती म्हणाली, नेहमीची ती भुकटी ना? पण यंदा औरादहून पातळ औषध आणलं होतं ना तुम्ही? आणि यंदा बैल ओढ्यात धुतले नाहीत, ओढ्यावर पुलाचं काम चालू आहे. तुम्हीच म्हणालात, तळ्यावर आणा, घाटावर धुवा.

"मग? तेहतीस वर्षांत माझ्या हातानं एक जनावर दगावलं न्हाई. तू मला औषध शिकवणार व्हय?"

तिनं फक्त एवढंच विचारलं, की त्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठं आहेत. रिकाम्या भंगारात गेल्या, उरलेली एक मी अंबाजीला दिली, वासरांसाठी, असं तो घुश्शात बोलून गेला आणि ताटावर बसला. ही पोरगी अंबाजीची बाजू कामून घ्यायलीय? लहानपणी दर पोळ्याला त्या रेणुकाच्या, अंबाजीच्या बायकोच्या, हातची पुरणपोळी खाऊन वाढलीय. मिंधी झालीय. आपल्याच पोटचं!

हात धुवून बाहेर आला तर मैत्रेयी घरात नव्हती. तो खालच्या आळीकडं निघाला, आणि कोपऱ्यावर पोचतो तोच त्याला ती दिसली. अंबाजीच्या फाटकातून बाहेर पडत होती. मागं रेणुका उभी, डोळ्याला पदर लावलेली. मैत्रेयीच्या ओढणीखाली काहीतरी झाकलेलं होतं. राजपालच्या डोक्यात तिडीक गेली. पुरावा लपवायला निघाली! माझी पोरगी, त्यांचा पुरावा!

"काय हाय ते? काढ."

तिनं काढलं. हाताच्या पंजाएवढी बाटली. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर मोत्यासारखं अक्षर. ‘वासरांना अर्धं. वाळल्यावर धुणे. राजपाल.’

"मागं बघा, अप्पा," ती म्हणाली.

मागं छापलेला कागद, कन्नडमध्ये, मुंगीएवढी अक्षरं. राजपालला कन्नड चांगलं येत होतं. आयुष्यभर तो दुसऱ्यांना असले कागद वाचून दाखवत आला होता, पण हा त्यानं वाचला नव्हता. औरादचा दुकानदार म्हणाला होता, भुकटीपेक्षा भारी, एका हातात गोचीड साफ, आणि त्याला ते पुरलं होतं. आता त्यानं चष्मा वर-खाली करून वाचलं. मासे आणि पाण्यातल्या जिवांना अतिशय घातक. तळी, ओढे यांत मिसळू देऊ नये. जनावरांना लावल्यावर पाण्यात उतरवू नये. शेजारी माशाचं चित्र होतं, त्यावर काट.

गावात एकशेवीसावर बैल. प्रत्येकाला त्याच्या हातानं चोळलेलं. आणि दोन तासांनी सगळे त्यानंच उघडून दिलेल्या घाटावर, त्याच्याच तळ्यात. त्याला सगळं एकदम दिसलं. त्यानं ती बारीक अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मैत्रेयी हळू बोलली. मरळ बघितली तेव्हाच मला शंका आली होती, ती म्हणाली, पण बाटली बघितल्याशिवाय तुमचं नाव कसं घेऊ? अंबाजीकाकांनी ही कडब्याखाली दडवली होती. काकूला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. काकूनं शपथ मोडली.

बाटली आता राजपालच्या मुठीत होती. खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं. फाटकासमोर विहीर होती, पडकी, कुणी न वापरणारी. एक हात हलवला की झालं. अर्ज तयार आहे, सह्या आहेत, टमटम उभी आहे. पोरगी बापाविरुद्ध बोलणार नाही आणि अंबाजी तर सकाळीच बोलला नाही. ती विहीर त्यानं दोनदा बघितली. मग तो फाटक ढकलून आत गेला.

अंबाजी गोठ्यात होता. बैलांची शिंगं रंगवून तयार, झुली खुंटीवर तशाच. सकाळच्या बोलण्यानंतर त्यानं बैल वेशीवर न न्यायचं ठरवलं होतं, लिंबोळीत पहिल्यांदा. राजपालच्या हातातली बाटली बघून त्यानं रेणुकाकडं एक नजर टाकली आणि खाली बसला.

"काल धुता धुताच बोटभर पिल्लं गरगरा फिरताना दिसली," तो म्हणाला. "सांजच्याला बादलीत हिरीचं पाणी घेऊन त्यात टाकून बघितलं, जगत्यात का. न्हाई जगली. तवाच समजलं."

"मग बोलला कामून न्हाईस? सकाळी, सगळ्यांसमोर?"

"काय बोलू? त्याच्यावर तुझं अक्षर हाय. अकरा घरांची दोन वर्षं त्या तळ्यात हायत. त्यांना कळलं असतं तर परत तुला कुणी गोठ्यात घेतलं असतं का? तुझ्या लोकांनी घेतलं नसतं, माझ्या लोकांनी घेतलं नसतं. तो हात मी धरून आणला होता, राजपाल. मीच कसा तोडू?"

"मी तुला विष घालणारा म्हणलो."

"म्हणलास खरा." अंबाजीनं गळ्यावरून हात फिरवला. "सकाळपासनं इथं दुखायलंय. गप बसायला लई जोर लागतो."

राजपाल रडला. साठी उलटलेला माणूस, बैलाच्या दावणीला धरून पोरासारखा रडला, आणि त्यात त्याला लाज वाटली नाही. लाज वाटायच्या गोष्टी त्यानं सकाळीच उरकल्या होत्या. मग डोळे पुसून तो चिंचेकडं निघाला. अंबाजी मागून म्हणत होता, जाऊ दे, बाटली टाक, आभाळाचं नाव घे, साहेबानं सांगितलंयच की. राजपालनं मागं बघितलं नाही.

चिंचेखाली टमटम उभी होती. दहा घरं वाट बघत होती. राजपालनं कोंडाबाईच्या मांडीवर बाटली ठेवली आणि जे होतं ते सांगितलं, मान खाली घालून, भराभरा. निम्मं लोकांना ऐकूच गेलं नाही. जे पुढं होते त्यांनी मागच्यांना सांगितलं. एकजण खदखदून हसला, एकानं शिवी घातली, एक बाई नुसतीच उठून तळ्याकडं निघून गेली. राजपालनं खिशातला अर्ज काढला, अंबाजीच्या नावावर रेघ मारली आणि त्याजागी आपलं लिहिलं. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दापाशी त्याचं पेन अडलं. तो त्यानं खोडला आणि वर लिहिलं, ‘न वाचता’.

कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, पण कागदावर काय झालं ते तिला समजलं. काखेत कळसा न् गावाला वळसा, असं काहीतरी ती पुटपुटली. मग कागद राजपालच्या हातात परत दिला.

"ठाण्यात नंतर जाऊ. आधी वेशीत जा. बैल जमलेत, सगळं गाव हाय तिथं. हे वाच," ती म्हणाली. "आन् सकाळी त्याचं नाव जेवढ्या मोठ्यानं घेतलास, तेवढ्या मोठ्यानं वाच. त्यापेक्षा बारीक आवाज काढलास तर मी अंगठा देणार न्हाई."

वेशीत तोरणाखाली बैल उभे होते, हलगी वाजत होती. राजपालनं हात वर केला तशी हलगी थांबली. त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाज आला नाही. दुसऱ्यांदा घोगरा आला. तिसऱ्यांदा आला तो पार खालच्या आळीपर्यंत गेला. त्यात त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. वाचून झाल्यावर काहींनी आपापले बैल त्याच्यापासून हातभर बाजूला ओढून घेतले, आणि ते त्याला दिसलं.

मग खालच्या आळीकडून घुंगरांचा आवाज आला. अंबाजी बैल घेऊन येत होता, झुली घाईत उलट्यासुलट्या टाकलेल्या. तो सरळ राजपालजवळ येऊन उभा राहिला, त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि एका बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला.